बाबांची वही आणि पडद्याचे तीन भाग

फोंडा, १४ जुलै

सकाळपासून पावसाने उसंत दिली नाही. दोनदा वीज गेली. दुसऱ्यांदा आली तशी मशीन चालू करून पुन्हा बाबांच्या वहीला भिडले.

बाबा देवळातल्या जत्रेच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करायचे. त्यांनी हाताने उतरवून घेतलेल्या संहितांच्या सात वह्या घरात आहेत. इथल्या दमट हवेत कागद किती टिकणार? म्हणून पानांचे फोटो काढून टाइप करायला घेतलंय. डावीकडे पानाचा फोटो, उजवीकडे एडिटर, त्याच्याखाली शब्दकोश. आधी ही मांडणी रोज नव्याने जमवावी लागे. एक खिडकी ओढा, दुसरीचा कोपरा धरून लहान करा, तोवर तिसरी वर येऊन बसलेली. त्यात ४ जीबी रॅमचा म्हातारा पीसी. टाइप करण्याचा हुरूप तिथेच निम्मा व्हायचा.

महिन्यापूर्वी आयथ्री घातलं. मायकेल स्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये सुरू केलेला हा लिनक्सवरचा मोफत विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या मांडून देणारा प्रोग्राम. यात खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत. नवी उघडली की आधीच्या आपण होऊन सरकतात. एडिटरवर असताना सुपर (कीबोर्डवरची विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि व्ही दाबलं की पुढची खिडकी त्याच्याखाली उघडते. माझी मांडणी झाली! मेल आणि बाकीचं सगळं दुसऱ्या वर्कस्पेसवर, म्हणजे कळ दाबून समोर येणाऱ्या वेगळ्या पडद्यावर. ब्राउझर रॅम खातो तो खातोच, पण आयथ्रीचा स्वतःचा भार नावापुरता, त्यामुळे जुन्या मशीनलाही दम लागत नाही.

पहिल्या आठवड्यात मात्र घाबरले होते. कीबोर्डच्या यादीत मी देवनागरी पहिली आणि इंग्रजी दुसरी लावली, आणि सगळे शॉर्टकट मेले. अक्षरांचे गेले, आकड्यांचेही गेले. आयथ्री शॉर्टकटची अक्षरं यादीतल्या पहिल्या लेआउटमध्ये (कळांच्या मांडणीत) शोधतं, आणि तिथे इंग्रजी व्ही नव्हताच. सुपर आणि एण्टर तेवढं चालत होतं. त्यावरून टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं, इंग्रजी पहिली करणारी कमांड दिली, तत्क्षणी सगळं जिवंत झालं. आता देवनागरीत टाइप करत असले तरी शॉर्टकट चालतात. मराठीत काम करणाऱ्यांनी हे आधीच करून ठेवावं.

मला सगळ्यात आवडते ती सुपर आणि एफची जोडी. बाबा घाईत शिरोरेघा देत नसत, त्यामुळे त्यांचा घ आणि ध सारखाच दिसतो. आज एका ओळीत ‘घन’ की ‘धन’ यावर अडले. सुपर-एफ दाबलं, फोटो पडदाभर झाला. शाईचा डाग, खोडलेला काना, कडेला पेन्सिलीने लिहिलेलं ‘इथे थांबणे’. हे समासातलं मला वहीत कधी दिसलंच नव्हतं.

आई मागे येऊन उभी राहिली होती.

“घनच ते. त्यांचा घ असाच असायचा.” मग पडद्याजवळ वाकून म्हणाली, “इथे मेघगर्जनेसाठी पत्रा वाजवायचे. म्हणून थांबणे.”

पुन्हा सुपर-एफ. तिन्ही खिडक्या जागच्या जागी, कर्सर होता तिथेच. ‘घन’ लिहिलं आणि कंसात पत्र्याचंही लिहून ठेवलं. दुसऱ्या वहीची बावीस पानं झाली. आई म्हणते, जेवून घे, मग पुढचं पान असंच मोठं करून दाखव.