व्हिस्कोस शिवायचे तर आधी त्याचे पाण्याशी असलेले नाते समजून घ्या

विदर्भ हा कापसाचा मुलूख. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली नागपुरात सुरू झाली, आणि सुती कापडाची पारख तर इथल्या घराघरांत मुरलेली आहे. त्यामुळे इतवारीत किंवा गांधीबागेत दुकानदाराने रेयॉनचा तागा उलगडला, की अनेक जणी तो बोटांत चोळून पाहतात आणि ‘हे नायलॉनसारखंच दिसतं, उन्हाळ्यात नको’ म्हणून बाजूला सारतात. ज्या घेतात, त्यांतल्या बऱ्याच जणी ते सुती समजूनच कापतात, आणि मग पहिल्या धुण्यातच कुर्ती आखूड होते. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: हे कापड कशाचे बनते आणि पाण्यात गेल्यावर त्याचे काय होते, हे आपल्याला कुणी नीट सांगितलेले नसते.

नायलॉन किंवा पॉलिस्टर खनिज तेलापासून बनते, रेयॉन तसे बनत नाही. त्याचा कच्चा माल म्हणजे लाकडाचा लगदा, अर्थात सेल्युलोज, कापूसही सेल्युलोजच. रेयॉनचे अनेक प्रकार आहेत आणि व्हिस्कोस हा त्यांतला सर्वांत प्रचलित. आपल्या बाजारात नुसते ‘रेयॉन’ म्हणून जे मिळते, ते बहुतेक वेळा व्हिस्कोसच असते. त्याची कृती क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी १८९२ साली पेटंट केली. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात, तयार होणारे संयुग पुन्हा सौम्य कॉस्टिक सोड्यात विरघळवून मधासारखा दाट द्राव करतात आणि तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या द्रावणात सोडतात. तिथे त्याचे पुन्हा सेल्युलोज होऊन धागा घट्ट होतो. आपल्याकडे मध्य प्रदेशातील नागदा येथे १९५४ पासून हा तंतू बनतो आहे.

या सगळ्या उलाढालीत सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटून आखूड होतात आणि कापसात असतात तितक्या शिस्तीने पुन्हा रचल्या जात नाहीत. त्यांच्यामध्ये पाणी सहज शिरते. प्रमाणित हवेत पॉलिस्टर आपल्या वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के ओलावा धरते, कापूस साधारण ८ टक्के, तर व्हिस्कोस १२ ते १३ टक्के. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा घाम टिपून घेणारे आणि अंगापासून सैल झुलणारे हे कापड पॉलिस्टरपेक्षा कितीतरी सुखकर वाटते, त्याचे कारण हेच. परंतु तेच पाणी त्याची ताकदही काढून घेते. कापूस भिजल्यावर थोडा अधिक बळकट होतो. व्हिस्कोसची ताकद मात्र भिजल्यावर जवळजवळ निम्मी होते, तंतू फुगतो आणि विणताना ताणून बसवलेले धागे आखडतात.

दुकानातच ओळख पटवायची असेल, तर कापडाच्या कडेचा एक धागा काढून मागावा. काडी लावल्यावर तो कागदाच्या वासाने जळून त्याची मऊ राख झाली, तर ते सुती किंवा व्हिस्कोस आहे. वितळून कडक मणी उरला, तर त्यात पॉलिस्टर किंवा नायलॉन आहे. सुती आणि व्हिस्कोस यांतला फरक मात्र पाणीच सांगते. धाग्याचा मधला भाग ओला करून दोन्ही टोके ओढली, की व्हिस्कोस नेमके त्या ओल्या जागी सहज तुटते. ‘बांबूचे कापड’ म्हणून महागात विकले जाणारे बहुतेक मऊ कापडही व्हिस्कोसच असते, हे या ठिकाणी सांगायला हवे.

घरी आणल्यावर कात्री लावण्याआधी ते धुवावे. ही पायरी मी कधीही टाळू देणार नाही. पुढे कपडा ज्या रीतीने धुणार, त्याच रीतीने कापड आधी धुवावे, न पिळता जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत पसरून वाळवावे. या आटण्याचा विचार करून घेतानाच थोडे जास्त कापड घ्यावे. इस्त्री मध्यम उष्णतेवर आणि उलट बाजूने, उभ्या धाग्याच्या दिशेने करावी. ओले कापड तिरके ओढत इस्त्री केली, तर त्याचा आकार बिघडतो.

खरी अडचण कापताना येते, कारण हे कापड टेबलावरून घसरते आणि आडवा धागा नकळत वाकतो. आपल्याकडे यावर फार चांगला उपाय पूर्वीपासून आहे, तो म्हणजे खळ. साबुदाण्याची किंवा तांदळाची पातळ खळ देऊन, वाळवून, हलकी इस्त्री केली, की तेच कापड मलमलीपेक्षाही आज्ञाधारक होते. खुणा स्पष्ट उमटतात, कडा गुंडाळत नाहीत आणि मशीनचे दाते कापड आत ओढत नाहीत. शिवून झाल्यावर एका धुण्यात खळ निघून जाते आणि मूळचा झोक परत येतो. फक्त खळ दिलेले कापड शिवल्याविना महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नये, कसर लागते. कापताना जमिनीवर सुती चादर अंथरावी, म्हणजे रेयॉन तिला धरून राहते. पंखा आणि कूलर तेवढ्यापुरते बंद ठेवावेत, उन्हाळ्यात हे जिवावर येत असले तरी.

सुई नवीन आणि बारीक असावी: साध्या रेयॉनला ११ नंबर, अगदी पातळ कापडाला ९ नंबर. टाका दोन ते अडीच मिलिमीटरचा पुरे. शिलाईची सुरुवात कापडाच्या तुकड्यावर करून मग खऱ्या कापडावर यावे आणि दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरावीत. गळा आणि मुंढा कापल्याबरोबर त्यांच्या कडेने एक टीप घालून घ्यावी, नाहीतर ते हाताळण्यानेच पसरतात. खांद्याच्या शिलाईत त्याच कापडाच्या काठाची अरुंद पट्टी दाबली, तर खांदा लोंबत नाही. कडा फार सुटतात, म्हणून ओव्हरलॉक नसेल तर फ्रेंच शिलाई, म्हणजे कच्च्या कडा आत झाकणारी दुहेरी शिलाई करावी. त्यासाठी दीड सेंटिमीटर मार्जिन लागते.

कोणता कपडा शिवायचा, याबाबत माझे मत ठाम आहे. घेरदार कुर्ती, प्लाझो, चुण्यांचा स्कर्ट, सैल शर्ट यांसाठी व्हिस्कोस अप्रतिम आहे. अंगाबरोबरचे ब्लाउज किंवा घट्ट पँट यांसाठी ते वापरू नये, कारण ताण पडताच शिलाईजवळचे धागे सरकून फटी दिसू लागतात. अंब्रेला घेर असेल, तर कपडा दुमडण्याआधी एक दिवस हँगरवर टांगून ठेवावा. तिरक्या भागाचे कापड स्वतःच्या वजनाने खाली येते. त्यानंतर घेर जमिनीपासून मोजून सारखा कापावा आणि मगच खालची कड दुमडावी.

बजेट परवडत असेल, तर लायोसेलही पाहावे. बाजारात ते टेन्सेल या नावानेही मिळते. तेही लाकडापासूनच बनते, पण त्यात कार्बन डायसल्फाइड वापरत नाहीत आणि वापरलेला द्रावक जवळजवळ सगळा परत मिळवला जातो. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे, त्यामुळे हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. शिवाय लायोसेल भिजल्यावरही बरीच ताकद टिकवून धरते.

तयार कपडा रात्रभर भिजत घालू नये, धोपटू नये, पिळू नये. थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने चुबकून काढावा, आणि जड घेराचा असेल तर दोरीवर एका टोकाने न टांगता मधोमध दुमडून सावलीत वाळत घालावा. नागपूरच्या कोरड्या उन्हाळी हवेत तो तिथेही लवकरच वाळतो.