वर्गमंत्र्याची वही

नववीत मी वर्गमंत्री होतो. मराठीच्या सरांनी माझ्याकडे एक आवक-जावक वही सोपवली होती. रजेच्या चिठ्ठ्या, फी-माफीचे अर्ज, सगळं तारीखवार उतरवायचं. एकदा एका मुलीचा अर्ज मी वरवर वाचून पुढे सरकवला. वडील वारल्याचं तिनं अगदी शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. सरांनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला. शेवटच्या ओळीला माझा आवाज फुटेना.

१९९५ मध्ये मी आमच्या भागातल्या आमदारसाहेबांचा स्वीय सहायक झालो, तेव्हा बाजारातून पहिली काय आणली असेल, तर तशीच लांबट वही. अधिवेशन मुंबईला असलं की मुक्काम आकाशवाणी आमदार निवासात, हिवाळ्यात नागपूरला. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, आणि नियम १०५ खालची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना, यांचे मसुदे रात्री बसून लिहायचे. खोलीत सतरंज्यांवर गावाकडची माणसं झोपलेली असत. कुणी टाटात पेशंट घेऊन आलेलं, कुणी बदलीसाठी. प्रत्येकाचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच मी साहेबांपुढे सहीला ठेवत असे.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. पाच माणसं गेली. तो धूर आजही डोळ्यांपुढून हलत नाही. वरच्या मजल्यांवरच्या फायली जळाल्या, त्यात आमच्या एका पाझर तलावाच्या दुरुस्तीचा प्रस्तावही होता. माझ्या वहीत त्याचा जावक क्रमांक होता, तारीख होती आणि कपाटात पोच घेतलेली प्रत. तेवढ्यावर प्रस्ताव पुन्हा उभा राहिला. त्या रात्री मला आपल्या शाळेची फार आठवण आली.

पुढे पक्षानं जिल्हा सरचिटणीस केलं. २०१९ च्या विधानसभेला अर्ज भरायचा शेवटचा दिवस ४ ऑक्टोबर. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे सांगणारा कागद, दुपारी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडावा लागतो, सही शाईचीच लागते, शिक्का किंवा झेरॉक्स चालत नाही. मी ते पाकीट शर्टाच्या आत धरून नेलं होतं. पण पदाधिकाऱ्याला खरं जड जातं ते तिकीट कापलेल्या माणसासमोर उभं राहणं. पंधरा वर्षं सतरंज्या उचललेला आमचा एक कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी सकाळी मतदार यादी काखोटीला मारून कार्यालयात हजर झाला. मी त्याचे हात हातात घेतले, शब्द फुटला नाही.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या तयारीच्या बैठकीला आलो, तेव्हा सरांना मुद्दाम चालू वही दाखवली. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि एका नोंदीवर बोट ठेवलं. संजय गांधी निराधार योजना, अर्जदार विधवा, पुढे बरोबरची खूण नाही.

"हिचं काय झालं रे?"

"राहिलंय सर. सोमवारी तहसीलला जातो."

सरांनी माझं पेन घेतलं आणि समासात सोमवारची तारीख घातली.