तुम्ही विचारलंत म्हणून: अर्जात स्वतःबद्दल काय लिहायचं?

"मॅडम, पर्सनल स्टेटमेंटमध्ये नक्की काय लिहू?" अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या (प्रौढांच्या आजारांच्या) रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात काम करत घ्यायच्या प्रशिक्षणासाठी, अर्ज करणारी आपल्याकडची मुलं-मुली मला हे सारखं विचारतात, आणि कधी कधी त्यांचे आईवडीलही. मी महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाले, रेसिडेन्सी इकडे केली आणि आता जिथे शिकवते तिथे आलेले अर्ज वाचते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कडू भाग आधी सांगून टाकते. तुमचं स्टेटमेंट कुणी उघडण्याआधी अर्ज चाळला जातो. सप्टेंबरच्या अखेरीस 'इरास' या ऑनलाइन अर्जप्रणालीवरचे अर्ज प्रोग्रॅमना दिसू लागतात आणि एकेका ठिकाणी त्यांचा ढीग पडतो. अमेरिकेतल्या वैद्यकीय परवाना परीक्षेचे तीन टप्पे असतात; त्यातल्या स्टेप वनला जानेवारी 2022 पासून फक्त पास-नापास आहे, त्यामुळे मार्कांचा सगळा भार दुसऱ्या टप्प्यावर, स्टेप टू सीकेवर, आला आहे. पदवी घेऊन किती वर्षं झाली आणि व्हिसा कुठला लागेल, हेही तिथेच पाहिलं जातं. काही प्रोग्रॅम फक्त जे-वन, म्हणजे प्रशिक्षणासाठीचा व्हिसा, देतात. एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, हवा असेल तर स्टेप थ्री पास असावीच लागते. फी भरण्याआधी प्रत्येक प्रोग्रॅमच्या संकेतस्थळावर हे वाचा. तुमचा अर्ज जिथे विचारातच घेतला जाणार नाही, तिथे पैसे घालवू नका.

ही चाळण पार केली की अर्ज माझ्यासारख्या कुणाच्या तरी हातात येतो, आणि मग लिहिलेल्या शब्दाला खरोखर किंमत येते.

मला वाईट कशाचं वाटतं, ते सांगते. चार आठवड्यांची ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या मागे उभं राहून पाहिलेलं काम, दोन परिच्छेद व्यापते. आणि वर्षभराची इंटर्नशिप, ज्यात या मुलांनी रात्र रात्र कॅज्युअल्टी सांभाळली, सलाईनं लावली, दगावलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना सामोरं गेली, ती "रोटेटिंग इंटर्नशिप पूर्ण केली" एवढ्या एका ओळीत संपते. प्राथमिक आरोग्य केंद्रातलं काम इथल्या लोकांना कमअस्सल वाटेल, अशी भीती त्यामागे असते. ती भीती सोडून द्या. तुमच्याकडे सांगण्यासारखं जे आहे, ते बहुतेक तिथलंच आहे.

डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम आठवा. कोकणात विंचूदंशानं माणसं दगावत होती. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी अशा रुग्णांजवळ बसून लक्षणं टिपली, हृदयावर काय परिणाम होतो ते ओळखलं, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि 1980च्या दशकात ते सगळं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. रुग्णाकडे नीट पाहायचं, पाहिलेल्याचा अर्थ लावायचा आणि अर्थ चुकत असेल तर बदलायचा, हाच इंटर्नल मेडिसिनचा गाभा आहे. त्याला मोठी इमारत लागत नाही.

एका मुलीचं स्टेटमेंट अजून माझ्या लक्षात आहे. पावसाळ्यात तापाच्या रुग्णांनी वॉर्ड भरलेला, प्लेटलेट कमी, सगळे डेंग्यू म्हणून मोकळे झालेले. एका शेतमजूर बाईंचा ताप हटेना. रेसिडेंटनं हिला सांगितलं, "नीट आडोसा कर आणि काखेत बघ." काखेत काळी खपली होती. स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप; चाव्याच्या जागी अशी खपली धरते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिल्यावर ताप उतरला. निदान आपण केलं, असं तिनं कुठेही म्हटलं नव्हतं. "त्यानंतर तापाचा एकही रुग्ण मी काख आणि जांघ पाहिल्याशिवाय सोडला नाही," एवढंच लिहिलं होतं. माझ्या दृष्टीनं त्या वाक्यानं तिची मुलाखत नक्की केली. एकदा दाखवलेलं जिच्या अंगवळणी पडतं, अशीच माणसं आम्ही शोधत असतो.

तेव्हा एक रुग्ण निवडा. ओळख पटेल असं काही लिहू नका. काय पाहिलं, आधी काय वाटलं, मग काय बदललं, कुणी शिकवलं, ते लिहा. परिस्थिती अर्ध्या वाक्यात समजावून सांगा: खाटा किती होत्या, कुठली तपासणी होत नव्हती, पुढचं रुग्णालय किती लांब होतं. वाचणाऱ्याला आपलं आरोग्य केंद्र माहीत नसतं. मात्र रुग्णाची गरिबी सजावट म्हणून वापरू नका, ते वाचताना त्रास होतो. पैसे घेऊन स्टेटमेंट लिहून देणारेही भेटतील. त्यांच्याकडे जाऊ नका. मुलाखतीत तुमच्याच मजकुरावर प्रश्न येतात, आणि न जगलेल्या प्रसंगावरचा दुसरा प्रश्न कुणालाच पेलत नाही.

शिफारसपत्रांचंही तसंच आहे. एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार जोडता येतात. विभागप्रमुखांचं "कष्टाळू आणि सुस्वभावी" असं पत्र वाचून हाती काही लागत नाही. ज्या सहायक प्राध्यापकांनी तुम्हाला वॉर्डात राबताना पाहिलं, त्यांच्याकडे जा आणि तुम्ही एकत्र पाहिलेल्या दोन-तीन रुग्णांची त्यांना आठवण करून द्या.

आईवडिलांचा प्रश्न बहुधा शेवटच्या यादीबद्दल, म्हणजे मुलाखतींनंतर प्रोग्रॅमची नावं पसंतीक्रमानं लिहून द्यायच्या यादीबद्दल, असतो: "जिथे निवड होण्याची खात्री वाटते, ते नाव वर घालू का?" नका घालू. मॅचचा, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या याद्या जुळवून जागा ठरवण्याचा, हिशेब उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होतो. अर्थशास्त्रज्ञ अल्विन रॉथ यांनी 1990च्या दशकात त्याची फेरमांडणी केली. अशाच जुळवणीच्या अभ्यासासाठी त्यांना 2012 मध्ये लॉइड शॅप्ली यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अवघड वाटणारं ठिकाण पहिलं घातलं म्हणून दुसऱ्या ठिकाणची संधी कमी होत नाही. मनातला क्रम तसाच लिहा. पण जुळलेली जागा दोन्ही बाजूंना बांधून ठेवते, म्हणून जिथे तीन वर्षं काढायची तयारी नाही, त्या ठिकाणाचं नाव यादीत घालूच नका.