वर्षातून एकदाच लागणारी ओहोटी

८ फेब्रुवारी, रविवार. नागपूर.

आज उमरेडजवळच्या मकरधोकडा तलावावर जाऊन आलो. दिघोरी सुटल्यावर रस्त्यावर दाट धुकं होतं, पण तलावावर पोहोचेतो ऊन पडलं. मधल्या पाण्यात थापट्या आणि तलवार बदकं होती. उमरेडकडे येणारे बहुतेक पक्षिमित्र आधी पट्टकादंब शोधतात, आणि हिमालय ओलांडून आलेला पाहुणा म्हटल्यावर ते साहजिकच आहे. मी मात्र दुर्बीण काठच्या चिखलावरच लावून बसलो. डिसेंबरात नरारा पाहिल्यापासून चिखल दिसला की पाय थांबतात.

नरारा हे कच्छच्या आखातातलं, गुजरातच्या देवभूमी द्वारका जिल्ह्यातलं बेट. १९८२ साली जाहीर झालेल्या, देशातल्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथे कधी जायचं हे पंचांग ठरवतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि ओहोटीही तितकीच लांब जाते. पाणी हां हां म्हणता मागे सरतं आणि घोटाभर पाण्यातून चालत प्रवाळांपर्यंत जाता येतं. पक्षी पाण्याच्या कडेकडेनेच पुढे सरकतात, कारण नुकत्याच उघड्या पडलेल्या ओल्या चिखलात किडे आणि खेकडे वरच असतात.

तिथे क्रॅब प्लव्हर पाहिला. पांढराशुभ्र, पाठीवर काळा पट्टा, आणि चोच अशी जाड की त्या सडपातळ अंगावर ती दुसऱ्याच कुणाची वाटावी. हा पक्षी इराणच्या आखातातल्या नि तांबड्या समुद्रातल्या वाळूत बीळ खणून एकच पांढरं अंडं घालतो. एक करड्या पाठीचं पिल्लू चांगलं आईएवढं झालेलं, तरी मान खाली घालून तिच्यामागे चीं चीं करत फिरत होतं. तिने खेकडा पकडला, आपटून त्याच्या नांग्या मोडल्या आणि पिल्लाच्या चोचीत दिला. समुद्र ओलांडून आल्यावरही तिचं भरवणं संपलेलं नव्हतं. मी कितीतरी वेळ तिथेच उभा होतो.

त्याच चिखलावर छोटे टिलवे होते, आणि आज मकरधोकड्यालाही तेच. चिमणीहून लहान, वजन जेमतेम तीसेक ग्रॅम, घरटी थेट उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात. एक माझ्यापासून दहा-बारा पावलांवर आला. चोच सारखी चिखलात, शिलाई मशीनच्या सुईसारखी वर-खाली, आणि मागे बारीक भोकांची ओळ. एवढ्याशा जिवाला समुद्र आणि आमचं विदर्भ यांत फरक वाटत नाही, त्याला हवी फक्त ओली, उघडी, मऊ जमीन. समुद्रावर ती दिवसातून दोनदा मिळते. आपल्याकडे गहू-हरभऱ्याला कालव्याने पाणी सुटतं तसा तलाव दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत इंच-इंच मागे जातो. वर्षातून एकदाच लागणारी, महिनोन् महिने चालणारी ओहोटी. माझ्या मते विदर्भातल्या तलावांची खरी श्रीमंती पाण्याइतकीच या मागे हटणाऱ्या काठात आहे.

म्हणूनच शहरातल्या तलावांना सरळसोट दगडी काठ बांधले जातात तेव्हा जीव तुटतो. फिरायला फरसबंदी होते, दिवे लागतात, पाणीही तेवढंच राहतं. पण ते भिंतीला लागूनच खाली उतरतं, चिखल उघडा पडत नाही. बदकं तरी मधे तरंगतील. टिलवे, तुतवार आणि चिखल्यांनी उतरायचं कुठे? सुशोभीकरण करायचंच तर निदान एका बाजूचा उतार तसाच ठेवावा, गवत-बेशरमीसकट. खर्चही वाचेल.

जाळं आवरणारे एक ढिवर काका जवळ येऊन म्हणाले, "काय पाहून राह्यले भाऊ? मोठे पक्षी तर तिकडं हायेत." मी दुर्बीण दिली. टिलवा दिसल्यावर ते म्हणाले, "हा तर रोजच राह्यते इथं. आमच्या पायाजवळून फिरते, भेत नाही." मग त्यांनीच सांगितलं की होळीनंतर पाणी त्या वाकड्या बाभळीच्याही खाली जातं आणि तिथे ही पाखरं याहून जास्त जमतात.

मार्चअखेर पुन्हा जायचं ठरवलंय. परतीच्या आधी टिलव्यांची करडी पाठ तांबूस व्हायला लागते. तो रंग मी अजून फक्त चित्रातच पाहिलाय.