खुळखुळा अखेर गप्प बसला (जवळजवळ)

मंडळी, काल रात्री साडेदहाला बारा स्ट्रॉबेऱ्या तळल्या आणि त्यातल्या अकरा वाजल्या नाहीत. मागच्या नोंदी वाचलेल्यांना हे वाक्य पुरे. नव्याने आलेल्यांसाठी सांगतो. खुळखुळा म्हणजे तळताना पिठाचा कोट पुरीसारखा टम्म फुगतो, फळापासून सुटतो, आणि कानाशी धरून हलवलं की आत स्ट्रॉबेरी गडगडते. चावलं की आधी पोकळ टरफल आणि मग जिभेवर उकळता रस. डिसेंबरपासून मी हेच खातोय, आणि घरच्यांना खाऊ घालतोय.

बाकीची फळं शहाण्यासारखी वागली. सफरचंदाच्या चकत्यांचं प्रकरण दिवाळीतच मिटलं. हॉलंडच्या जत्रेत नि थर्टीफर्स्टला खातात तसली, आंबटसर सफरचंदाची. त्यांचं ते खास आंबट वाण इथे कुठून आणणार? मी हिरवं ग्रॅनी स्मिथ घेतो, महाग पडतं पण विरघळत नाही. केळी तर तळायला सगळ्यात सोपी, आजीच्या काळापासून. अननसही जमला. अडलं ते स्ट्रॉबेरीपाशी, आणि एकदा अडलं की मला सुटत नाही हे तुम्ही जाणताच.

पहिला संशय थर्मामीटरवर होता. गेल्या खेपेला मी त्याला आणि तो विकणाऱ्याला इथेच शिव्या घातल्या होत्या, त्या आज परत घेतो. उकळत्या पाण्यात काडी बुडवली की तो ९८ दाखवायचा, म्हणून मी त्याला दोन अंशांचा खोटारडा ठरवलं होतं. मग एका रात्री डोक्यात प्रकाश पडला. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८च्या आसपासच उकळतं! बर्फाच्या चुऱ्यात घातला तर बरोबर शून्य. म्हणजे बिचारा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. महाबळेश्वरला नेला असता तर ९५-९६ दाखवले असते आणि मी त्याला कृष्णेत सोडून आलो असतो.

तर तापमान. अमेरिकी कृतींमध्ये सरसकट ३७५ फॅरनहाइट लिहिलेलं असतं, म्हणजे आपले १९०. टेक्सासच्या जत्रेत २००५पासून असल्या तळणाच्या स्पर्धाच भरतात, तिथे भल्यामोठ्या यंत्रात तेल असतं आणि ते आपलं आपण गरम राहतं. माझ्याकडे बिडाची कढई आणि सव्वा लिटर तेल. फ्रिजमधल्या सहा थंडगार स्ट्रॉबेऱ्या एकदम सोडल्या की काटा १९०वरून १६०वर येतो, मग गॅस मोठा करा, मग तो चढून पुढे पळतो, आणि शेवटची दोन करपतात. आता मी १८०ला सुरू करतो, एका वेळी तीनच, आणि १७०च्या खाली जाऊ देत नाही. रंग सुधारला. खुळखुळा तसाच राहिला.

मग संशय गेला पाण्यावर. स्ट्रॉबेरीत जवळजवळ ९१ टक्के पाणी असतं, केळ्यात ७५. वाटलं, सापडला चोर. पण अननस आणि सफरचंद दोघंही ८६च्या आसपास, त्यांचा कोट मात्र गोंदाने चिकटवल्यासारखा बसतो. पाच टक्क्यांत एवढा फरक? पटेना. दोन रविवार मी स्ट्रॉबेऱ्या पंख्याखाली जाळीवर तास-तासभर वाळवत बसलो. बायको म्हणाली, "पापड घालतोयस का?" वाळवून बारापैकी नऊचे आठ झाले. हीच प्रगती.

पिठाचंही सगळं करून पाहिलं. सध्याचं माप असं: मैदा १०० ग्रॅम, तांदळाची पिठी ४०, कॉर्नफ्लोअर २०, चिमूटभर मीठ, आणि बर्फासारखा गार सोडा साधारण १५० मिली, भज्याच्या पिठापेक्षा किंचित दाट. साखर पिठात अजिबात नाही, ती आत असली की फळाला कोट बसायच्या आधीच रंग येतो आणि आपण फसतो. बेकिंग पावडर महिनाभरापूर्वीच हाकलली, कारण जो कोट मुळात फुगून सुटतोय त्याला आणखी फुगवायचं कशाला? सोड्याबद्दल माझं ठाम मत झालंय: मोठी बाटली घेऊ नका. दुसऱ्या घाण्यापर्यंत तिच्यातला जीव गेलेला असतो. गोटी सोड्याची एक बाटली म्हणजे एक घाणा. वर ती गोटी फोडताना पोरं गोळा होतात हा फायदा वेगळाच.

आणि खरी गंमत इथून पुढे. दोन आठवड्यांपूर्वी धाकटीला पीठ बुडवायचं काम दिलं. मी नेहमी देठ काढून, मधला पांढरा गाभा खणून, सुईवर टोचून नखशिखान्त बुडवायचो. तिने एक स्ट्रॉबेरी देठासकट उचलली, पानांना धरून गळ्यापर्यंतच बुडवली आणि तेलात सोडली. मी ओरडणार होतो. तळून झाल्यावर त्या खेपेच्या सहापैकी पाच वाजल्या. न वाजलेली एकच, तिची.

रात्री झोप लागेना. एक थेंब पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते. पुण्यात एवढी जागा कोण कुणाला देतं? अननसाची चकती कापलेली, खडबडीत, तिच्या रेषांमध्ये पीठ रुतून बसतं आणि कोटाला जागोजाग बारीक फटी राहतात, वाफ निघून जाते. स्ट्रॉबेरीची साल गुळगुळीत, आणि मी तिला सगळीकडून पिठात बंद करत होतो. वर गाभा खणून आत रसाची विहीरही पाडून ठेवत होतो! वाफेला एकच मार्ग उरायचा, कोट ढकलून देण्याचा. लाटलेली पुरी फुगते ती याच न्यायाने, फक्त पुरीचं आपण कौतुक करतो.

तेव्हापासून देठ काढत नाही आणि गळा उघडा ठेवतो. बारापैकी वाजणाऱ्या आठावरून थेट तीनवर. इतका मोठा टप्पा मला दोन महिन्यांत मिळाला नव्हता. त्या रात्री एकट्याने चार खाल्ल्या, पिठीसाखर आणि किसलेलं जायफळ भुरभुरवून. दालचिनीवाल्यांनी रागावू नये, पण स्ट्रॉबेरीला जायफळच. साखर मात्र दोन मिनिटं थांबून घाला, गरमावर घातली तर चिकट पाणी होतं.

एक इशारा: पानं ठेवायची तर ती कोरडी ठाक हवीत. एका पानाच्या बेचक्यात धुतल्याचा थेंब राहिला होता, तेल उडून मनगटावर आलं. खूण अजून आहे. आता धुतल्यावर उलट्या करून पंच्यावर ठेवतो, पानं एकेक करून टिपतो.

उरलेल्या तिघींचं काय? याचं उत्तर खालच्या मजल्यावरच्या मालवणी काकूंनी दिलं. त्या प्लेट परत द्यायला आल्या तेव्हा मी स्ट्रॉबेऱ्या कोरड्या पिठीत घोळवून लगेच ओल्या पिठात बुडवत होतो. काकू बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अरे मेल्या, सुरमईला पीठ लावून लगेच तव्यावर टाकतात का? जरा बसू दे त्याला. ओलं झालं की मग धरतं." मी म्हटलं, काकू, हे फळ आहे. "मग? पाणी सुटतंच ना त्याला?"

सुटतं. कोरडी पिठी लावून दहा-बारा मिनिटं ठेवली की ती फळाचं पाणी पिऊन पातळ लुकणीसारखी होते आणि सालीला घट्ट बसते. मग झटकून दुसऱ्यांदा अगदी हलकी पिठी, आणि लगेच बुडवायचं. काल रात्री हेच केलं. बारात एक वाजली, तीही अर्धवट, एका बाजूने. मी ती खाल्ली आणि तिला माफ केलं.

थोडं सामानाबद्दल. स्ट्रॉबेरी लहान, टणक आणि टोकदार घ्या. विंटर डॉन ही जात मिळाली तर उत्तम, मऊ पडत नाही. रस्त्याकडेला गाडी लावून विकणाऱ्यांची खोकी मी सोडली. वरच्या थरात राण्या, खाली जॅम. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण खोकं उघडून खालचा थर बघितल्याशिवाय मी कुठल्याही मानांकनावर विश्वास ठेवत नाही. मंडईत सकाळी लवकर गेलं की निवडून घेता येते, दोन रुपये जास्त गेले तरी चालतील. तेल रिफाइंड शेंगदाणा. लाकडी घाण्याच्या तेलाचा आग्रह धरणाऱ्या दोघातिघांना सांगतो, मला ते फोडणीला प्राणप्रिय आहे, पण फळ तळलं की दाण्याचा वास पुढे येतो आणि स्ट्रॉबेरी मागे उभी राहते. फेसही लवकर धरतं. झारा तुळशीबागेतला, लांब दांड्याचा, भोकं मोठी असलेला. बारीक जाळीचा सुंदर दिसणारा आणला होता, त्यात तळलेल्या पिठाचा चुरा अडकतो. तो आता चहा गाळायच्याही लायकीचा नाही.

आता नवं दुखणं. गळा उघडा ठेवला की वाफ निघते, पण रसही निघतो. स्ट्रॉबेरी तेलात लोळते, गळा खाली जातो, रस टपकतो, चर्रर्र होतं आणि त्यातली साखर जळून काळे ठिपके होतात. तिसऱ्या घाण्याला तेल कॉफीसारखं. सव्वा लिटर तेल दर बाराला बदलायचं म्हणजे आमच्या घरात अर्थसंकल्पीय चर्चा सुरू होईल. हिला उभी कशी ठेवायची? सुईवर टोचून धरून ठेवावी तर एकावेळी एकच. कढईत जाळी उभी करावी का, असा विचार करत होतो, आणि हे लिहिता लिहिताच सुचलं:

आप्पेपात्र!

थांबा, करूनच येतो.

(पाऊण तासाने.) आलो. आमचं आप्पेपात्र बिडाचं, सात खळग्यांचं. खळगे पाऊण भरेल इतकंच तेल, म्हणजे सगळं मिळून वाटीभर. स्ट्रॉबेरी टोक खाली, पानं वर, देवळातल्या घंटा उलट्या ठेवल्यासारख्या सात जणी उभ्या राहिल्या. गळा तेलाच्या वर, वाफ पानांतून सुं सुं करत बाहेर. रस टपकला नाही! तेल शेवटपर्यंत स्वच्छ. सातपैकी एकही वाजली नाही. पहिल्यांदाच शून्य.

पण खांद्याजवळ एक पांढरट, कच्चट पट्टा राहतो, कारण तिथवर तेल पोचत नाही. पहिल्या घाण्यात उलटवायला गेलो आणि रस खळग्यात सांडला, सगळं मुसळ केरात. दुसऱ्या घाण्यात पुरीवर उडवतो तसं छोट्या चमच्याने खांद्यावर गरम तेल उडवत राहिलो. पट्टा बराच गेला, पूर्ण नाही. तेल उडवताना ते थेट गळ्यात जाऊ द्यायचं नाही, ही कसरत आहे. कडेचे खळगे मधल्यापेक्षा थंड असतात हा दुसरा घोळ, त्यामुळे मधली आधी काढावी लागते.

कढईवाले म्हणतील, हे जत्रेचं तळण नव्हेच, हे आप्पे झाले. म्हणा. डेन्मार्कमध्ये नाताळात एब्लेस्कीव्हर नावाचे गोळे खातात, ते अगदी अशाच खळग्यांच्या तव्यात करतात आणि विणकामाच्या सुईने फिरवतात. नावाचा अर्थ सफरचंदाच्या चकत्या, आणि आता बहुतेक वेळा आत सफरचंद नसतंच. मग माझ्या आत निदान फळ आहे.

पुढचा बेत स्ट्रॉबेरीचं सारण करंजीसारख्या पारीत भरायचा, असं मी मागे लिहिलं होतं. ते रद्द. कारण आप्पेपात्रात उभ्या स्ट्रॉबेऱ्या बघताना अंजीर आठवलं. अंजिराच्या बुडाला मुळातच एक डोळा असतो, म्हणजे वाफेची खिडकी तयार. पाणीही कमी, ७९ टक्क्यांच्या आसपास. डोळा वर करून खळग्यात बसवलं तर गळा उघडा ठेवायची भानगडच नाही. पुरंदरच्या अंजिराचा उन्हाळी बहार येईपर्यंत थांबावं लागेल, तोवर सासवड रोडला जाणारं कुणी असेल तर मला अर्धवट पिकलेली, घट्ट अंजीरं आणून द्या. पिकलेली नकोत, ती आमच्या घरी तळायच्या आधीच संपतात.

एक अडचण आहे. बायकोने आत्ताच आप्पेपात्र हुंगलं. उद्या सकाळी नाचणीचे आप्पे ठरले होते, आणि आता ते स्ट्रॉबेरी-जायफळाच्या वासाचे होणार आहेत. पात्र जप्त झालंय. काकूंकडे बारा खळग्यांचं आहे असं कळलं, पण ते मागायला जाताना बरोबर काहीतरी न वाजणारं न्यावं लागेल.