तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी व्हायोलिनं कशाला?

सत्तरच्या दशकातल्या सोलची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या भावभऱ्या गाण्यांची, रेकॉर्ड लावली की घरी आलेल्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "सोल म्हणजे पोटातून आलेलं गाणं ना? मग त्यावर हा व्हायोलिनांचा पाक कशाला?"

काही रेकॉर्डींवर पाक आहे, नाही कशाला म्हणू? त्यातला गायक बॅरी व्हाइट मला सलग ऐकवत नाही. तिसऱ्या गाण्याला दुपारी श्रीखंड चापल्यासारखी सुस्ती येते.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या सोलची गोष्ट वेगळी. तिथल्या सिग्मा साउंड स्टुडिओत आधी ड्रम, बेस, गिटार, पियानो वाजायचे, व्हायोलिनं नंतर चढायची. म्हणजे गाण्याचा ठेका पक्का झाल्यावरच. आणि व्हायोलिनांच्या सुरावटी लिहिणारा थॉम बेल लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेला. फ्रेंच हॉर्न, टिंपनी (मोठे नगारे) असली ऑर्केस्ट्रातली वाद्यं त्याने प्रेमगीतांत बिनधास्त आणली.

तिथल्याच स्टायलिस्टिक्स या गायकवृंदाचं १९७४चं 'यू मेक मी फील ब्रँड न्यू' घ्या. सुरुवातीलाच इलेक्ट्रिक सतार. ही आपली सतार नव्हे, गिटारच. पण घोडी सपाट, त्यामुळे तारेला जवारी, म्हणजे सतारीसारखी झणझण, येते. आधी एरियन लव्हचा खालचा, भरदार आवाज. मग रसेल थॉम्पकिन्स फॉल्सेटोत, म्हणजे पुरुषाच्या नेहमीच्या पट्टीच्या वरच्या पातळ आवाजात, शिरतो, इतका वर आणि इतका नाजूक की एकटा असता तर अधांतरी राहिला असता. त्याला खालून हात देतात ती व्हायोलिनंच.

माझे कान हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर पोसलेले, हेही खरं. शंकर-जयकिशनचे अरेंजर, गोव्याचे सबॅस्टियन डिसूझा, गायकाच्या मागे व्हायोलिनांची वेगळीच सुरावट चालवायचे. त्यामुळे गाण्यामागे दुसरं गाणं शोधायची खोड जुनीच.

तरी कुणाला पटलं नाही, तर मी ओजेज या गायकवृंदाचं १९७२चं 'बॅक स्टॅबर्स' लावतो. वाद्यसंयोजन थॉम बेलचंच. पियानो खालच्या सुरांत गडगडतो, ठेका सुरू होतो आणि मग व्हायोलिनं येतात. गाणं आहे तोंडावर हसून पाठीत सुरा खुपसणाऱ्या मित्रांचं. त्या व्हायोलिनांत कुणाला पाक सापडला, तर मला जरूर दाखवावा.