एमजीबी बघायला जाण्याआधी

शुक्रवार, रात्री

उद्या सकाळी एमजीबी रोडस्टर, म्हणजे जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार, बघायला जायचंय. 1971 ची, क्रोम बंपरवाली. काय काय बघायचं ते आजच लिहून ठेवतो. एकदा ऊन पडलं आणि टप खाली असलं की नजर रंगावरून हलत नाही.

आधी बॉनेट उघडायचं नाही. आधी खाली वाकायचं. या गाडीला वेगळी चॅसी नाही आणि रोडस्टरला छप्परही नाही. पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवायचं काम मुख्यतः दरवाज्यांखालच्या दोन सिलवर येतं. बाहेरून एकच पत्रा दिसतो, पण ती बंद पेटी असते: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांमधला उभा पडदा आणि खालून वळवलेली पट्टी. गंज धरतो आतून. बाहेरच्या रंगाला फोड येईपर्यंत मधल्या पडद्याची बहुतेक वाट लागलेली असते.

दरवाज्यामागची फट नीट बघायची. वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर चिमटलेली आणि खाली फाकलेली असेल तर गाडी मधोमध खचलीय. बिजागरी झिजली तरी दरवाजा लोंबतो, म्हणून तो अर्धा उघडून टोकाकडून वर उचलून बघायचा. खेळ तिथला असेल तर हाताला लगेच कळतं. मग मालकाला विचारून सिलच्या मधोमध असलेल्या जॅकच्या जागेवरून ती बाजू थोडी उचलायची आणि दरवाजा उघडबंद करायचा. अडकायला लागला, किंवा पत्रा करकरला, की जॅक खाली घ्यायचा आणि आभार मानून निघायचं.

नव्या सिलवरही लगेच विश्वास नको. सिल पुढे विंगच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आत आणि मागे मागच्या विंगच्या खाली शिरलेला असतो. नीट बदलायचा तर पुढची विंग उतरवावी लागते, मागच्या विंगचा खालचा तुकडा कापावा लागतो आणि वेल्डिंग चालू असताना बॉडीला आधार द्यावा लागतो. एवढं टाळायचं म्हणून सडक्या सिलवर नवा पत्रा चिकटवून रंग मारतात. मग आतला कुजका पत्रा कुजतच राहतो. लोहचुंबक कापडात गुंडाळून खालच्या कडेने फिरवायचं. पकड सुटली तर तिथे लांबी (पुटी) भरलेली आहे. पुढच्या विंगचा मागचा खालचा कोपरा विसरायचा नाही. चाकाने उडवलेला चिखल तिथे आत साठून ओला राहतो.

इंजिन दणकट आहे: 1798 सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, सुटे भाग सहज मिळतात. गरम झाल्यावर 3000 आरपीएमला ऑइल प्रेशर 50 पीएसआयच्या वर हवं. उतारावर पाय उचलून परत दाबल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. क्लच घसरतो का ते मात्र चढावर चौथ्या गिअरमध्ये नक्की बघायचं, कारण या गाडीत क्लच बदलायलाही इंजिन बाहेर काढावं लागतं. ओव्हरड्राइव्ह (स्विचने लागणारा जादा वेगाचा गिअर) असेल तर स्विच टाकताच आरपीएम साधारण पाचव्या हिश्शाने उतरायला हवेत. नाही उतरले तरी घाबरायचं नाही. पुष्कळदा दोष वायरिंगचा असतो.

पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवायचं. खेळ वाटला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन (ज्या उभ्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) झिजलीय. किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल असतात आणि दर 3000 मैलांना ग्रीस भरावं लागतं. आळस केला की तिथेच भोवतो. तारांची चाकं असतील तर मागचं चाक उचलून, हँडब्रेक ओढून, हाताने मागेपुढे फिरवायचं. खट्‌ असा आवाज आला तर हबचे दाते झिजलेत.

सीटमागचं झाकण उघडायचंच. खाली 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. ॲसिड सांडून त्यांचे ट्रे गळून पडलेले असतात, आणि तिथे सहसा कोणी बघत नाही.

शेवटी कागद. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या हेरिटेज सर्टिफिकेटवर गाडी एबिंग्डनच्या कारखान्यातून केव्हा आणि कोणत्या रंगात निघाली ते असतं. मूळ रंग दरवाज्याच्या चौकटीत आणि डिकीच्या कोपऱ्यात ताडून बघायचा.

पिशवीत टॉर्च, लोहचुंबक, पाठीखाली घालायला जुनी चटई. मालकाला निरोप दिलाय, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड असतानाचा पहिला आवाज ऐकायचाय.